सासऱ्यांची गाडी

माणसाला काही येत नसेल तर निदान गप्प बसता यावं. मुलाच्या गाडीचं पंक्चर निघेपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर टेकले होते. समोर एक जावई सासऱ्यांच्या जुन्या गाडीत बसून मेकॅनिकलाच अक्कल शिकवत होता. शेजारी बायको घड्याळ बघत उभी.

“साहेब, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय मारत राहू नका. कार्बोरेटर पेट्रोलनं तुडुंब भरलाय, म्हणून सुरू होत नाही. वास येतोय बघा.”

“गाडीला पेट्रोल नको तर काय ताक पाजू?”

“अहो, बाबांना दवाखान्यातून सोडलंय. तिथं दारात उभे आहेत. माझ्याच गाडीतून घरी येईन म्हणतात.”

“म्हणून तर जोर लावतोय.”

“उतरा तुम्ही. दादा, चोक आत ढकलू ना? आणि पाय पूर्ण दाबून तसाच ठेवायचा, हलवायचा नाही. बाबांनी शिकवलंय.”

“मला नाही कधी शिकवलं.”

“शिकवत होते. तुम्ही बोलत होता.”

गाडी खोकली, शिंकली आणि धडधडायला लागली.

“बघ, मी जमवतच आणलं होतं.”

मला राहवेना.

“जावईबापू, जमवत नव्हता, बुडवत होता. आता मागे बसा, आणि सासरे पुढे बसले की घर येईपर्यंत नुसतं ऐका.”