गुळणीसरांची परीक्षा

हॅलो?… हॅलो, ताई? हां, बोल… थांब, जिन्यात येते, आत भांड्यांचा आवाज आहे… हां. आता बोल.

नाही गं, धावत नव्हते. धाप नाही, आनंद आहे तो!

सांगते ना… नाही, नाही, निकाल आधी नाही सांगणार. तीन आठवडे मला वेड्यात काढलंस, आता पाच मिनिटं कान दे.

हो, झाली परीक्षा. दुपारीच… अगं वाईन वाढायच्या जागेची, दुसरी कुठली? जागा एक आणि आम्ही पाच जण. वरच्या डायनिंग हॉलमधले चौघं, आणि तळघरातल्या लॉन्ड्रीतली मी.

हो, माहितीये. एक तारखेपासून लॉन्ड्री बंद, हॉटेलचे कपडे बाहेर धुवायला जाणार. आणि हे जमलं नाही तर तुझ्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करत बसायचं, कबूल केलंय मी. विसरले नाहीये… काय? स्टूलसुद्धा आणून ठेवलंस? निकाल लागायच्या आधी? कमाल आहे बाई तुझी!

नाही, चिडत नाहीये… बरं, चिडलेय. तू प्रेमानं केलंस, कळतं मला. पण लहानपणापासून तुझे उतरलेले फ्रॉक घातले, तुझी पुस्तकं वापरली, आता म्हातारपणी तुझ्याच हाताखाली… हसतेस काय?

हो, हो… ऐक ना! लांबलचक टेबल. वर पांढरंशुभ्र कापड, मीच इस्त्री केलेलं. प्रत्येकापुढे पाच ग्लास. आणि समोर गुळणीसर… अगं, ते शिकवायला येतात ते. घोट घ्यायचा, तोंडात खळाखळा फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. मग आम्ही दुसरं नाव काय ठेवणार?

नाही! एक थेंब गिळला नाही. तीन आठवडे नुसती थुंकतेय. आमचे हे म्हणतात, आता चहाचीही गुळणी करायला लागलीस.

तर पहिला ग्लास. तिरका धरून रंग बघायचा, वाईन नवी की जुनी ते सांगायचं. टायवाला म्हणाला, नवी… टायवाला म्हणजे वरचा तो, परदेशी नावं फाडफाड बोलतो तो. मी म्हटलं, जुनी… कशावरून म्हणजे? वीस वर्षं तिचेच डाग काढतेय ना मी! नवी लाल वाईन सांडली की डाग जांभळा पडतो. जुनी असली की कडेला विटकरी. ग्लासात कड तश्शीच दिसत होती. गुळणीसर म्हणाले, “बरोबर.” बस, एवढंच. पण एक भुवई वर गेली हं त्यांची!

नाही गं, पुढे मार खाल्ला. पहिल्या चार वाईनची नावं विचारली ना. चारातली दोन आली, त्यातल्या एकाला जीभ वळेना. टायवाल्यानं सगळी घडाघडा सांगितली, मेल्यानं. मला वाटलं, गेली जागा. खरं सांगते, तुझं ते दुकान डोळ्यांपुढे आलं.

अगं, तुझ्या दुकानाला नावं नाही ठेवत मी… बरं, बरं, चांगलं आहे दुकान. पुढचं ऐकतेस का?

शेवटचा ग्लास, पांढरी वाईन. वास घेऊन सांगायचं. टायवाला म्हणाला, सफरचंद, नासपती आणि पांढरी फुलं. दुसरा म्हणाला, मध. तिसऱ्याला नुकतंच कापलेलं गवत. चौथा म्हणाला, आधीच्या सगळ्यांसारखंच. मी नाक खुपसलं… आणि झटकन बाहेर काढलं.

कारण वास माझा होता, ताई! अगं, माझा म्हणजे माझ्या लॉन्ड्रीचा. कपडे पुरते वाळायच्या आत घडी करून कपाटात ठेवले की येतो ना, तो. कुबट. काल वाळवायचं मशीन मधेच बंद पडलं होतं, आणि ग्लास पुसायचे नॅपकिन मीच घाईत वर पाठवले होते. म्हटलं, झालं! एवढ्या लोकांपुढे आपलाच ढिसाळपणा.

हो ना, सफरचंद म्हणून मोकळं व्हायचं. तू तेच केलं असतंस… मीही करणार होते गं. अगदी तोंडाशी आलं होतं सफरचंद. पण तो वास नाकात असताना मी गप्प बसूच शकत नाही. वीस वर्षांत तसा एक नॅपकिन वर जाऊ दिला नाही मी.

उठून उभी राहिले. म्हटलं, “सर, माफ करा. ग्लास माझ्या ओलसर नॅपकिननं पुसलाय. वाईनचा काही दोष नाही, माझा आहे.”

हो, अस्संच म्हटलं! चौघंही फिसकन हसले. मॅनेजरबाईंनी कपाळाला हात लावला.

नाही, गुळणीसर नाही हसले. त्यांनी खोक्यातनं नवा कोरा ग्लास काढला. कपड्यानं पुसलाही नाही. त्याच बाटलीतली वाईन ओतून माझ्यापुढे धरली. म्हणाले, “आता घ्या वास.”

तोच! अगं, तोच वास! मग त्यांनी नॅपकिन मागवला, स्वतःच्या नाकाला लावला. कोरडा खडखडीत! इस्त्रीचा वास येत होता नुसता. मग बाटली नाकाशी नेली… आणि ताई, त्यांचं तोंड असं झालं ना, कारल्याचा रस प्यायल्यासारखं. म्हणाले, “बाटलीच खराब आहे.”

बुचामुळे. बुचात काहीतरी दोष असला की कधीमधी एखादी बाटली अशी निघते म्हणे… नाही, मुद्दाम नव्हती ठेवली! तेच तर सांगतेय. त्यांनाही पत्ता नव्हता, आधी चाखून बघायची राहून गेली होती. कबूल केलं त्यांनी, सगळ्यांपुढे. आणि ह्या चौघांना तिच्यात फुलं सापडली होती! चेहरे बघायला हवे होतेस तू. टायवाला तर टायच्या गाठीशी खेळत बसला.

मग काय! मॅनेजरबाई म्हणाल्या, “पण ह्यांना नावं येत नाहीत.” सर म्हणाले, “नावं पाठ होतील हो. मला चूक झाली तर चूक म्हणणारं माणूस पाहिजे.”

मिळाली! अगं, मिळाली ना! जागा मिळाली मला!… हो, पक्की, सही केली मी कागदावर!

ताई?… अगं, बोल ना. रडतेस की काय?… वेडी आहेस का? मला पण रडवशील, आणि कोट घालून उभी आहे मी इथे. काळा कोट. अंगाला बरोबर बसलाय… नाही, तुला उसवायला मिळणार नाही तो!

चव? खरं सांगू? निकाल लागल्यावर एक घोट गिळला. पहिल्यांदाच. आंबट आहे गं! कशाला पितात देव जाणे… शू, हळू बोल, इथे ऐकेल कुणी.

आजच, आजच. संध्याकाळपासूनच उभी राहा म्हणाल्या बाई… भीती वाटतेय ना, का नाही वाटणार? पण चांगली भीती आहे.

एक मिनिट हं… काय रे? कुठे?… हो, आले!

ताई, टायवाला आलाय. दोघं येऊन बसलेत म्हणे टेबलावर, कुठली घ्यावी ते कळत नाहीये त्यांना. ह्यानं सांगितली तर ऐकेनात. म्हणाले, तुमच्या वाईनच्या बाईंना बोलवा…

कोण बाई काय विचारतेस? मी! मीच गं ती! ठेव फोन, ठेव, लोक थांबलेत माझ्यासाठी!