सरावाचा पाहुणा

दोष काकांचा, ताई, दुसऱ्या कुणाचाही नाही — आणि तो ट्रे ठेवा आधी खाली, कप रिकामेच आहेत. हो, हेच ते हॉटेल! हॉटेल कसलं, काकांच्या इंग्रजीच्या क्लासची मागची खोली — पलंग, फोन, खोटी फुलं, आणि त्या पडद्यामागे खिडकी नाही, भिंत आहे, सरकवून बघा. बघितलंत? पहिल्या दिवशी मीही असाच सरकवला होता. मी कोण? मी गेस्ट. तुम्ही सगळे हॉटेलातल्या नोकरीसाठी शिकायला येता, मग कुणावर तरी सराव करायला नको? सकाळी 'वुड यू लाइक सम टी', 'शॅल आय कॅरी युअर बॅग' — ती बॅग माझी कॉलेजची, आता सामान म्हणून सगळे उचलतात. जेवणानंतर 'यू मस्ट', 'यू हॅव टू' — चावी परत केलीच पाहिजे, सिगारेट ओढायची नाही. शेवटच्या तासाला सल्ला. तेव्हा माझं डोकं दुखतं. रोज दुखतं, इंग्रजीत. मग एकेक जण येऊन सांगतो, 'सर, यू शुड टेक सम रेस्ट.' अहो, दिवसभर पलंगावरच तर बसलोय, आणखी काय रेस्ट घेऊ?

कॉलेज? सोडलं. सोडवलं म्हणा. काका बाबांना म्हणाले, दादा, पोराला काही झेपत नाहीये, माझ्याकडे पाठव, फुकट इंग्रजी शिकवतो, मग बघ कुठच्या कुठे जातो ते. आणि आमचे बाबा — वयाने मोठे, पण काका शिंकले तरी हे मान डोलावणार, कारण आम्ही राहतो काकांच्या घरात. म्हणाले, 'काका म्हणतोय ना? मग झालं.' झालं! मला विचारलं कुणी?

बरं, काकांचा नियम सांगतो, तुम्हालाही लागेल. पाहुण्याने पहिल्यांदा नाहीच म्हणायचं. 'नो, थँक यू.' हसून. मग शिकणाऱ्याने वेगळ्या शब्दांत परत विचारायचं — त्याशिवाय सराव कसा होणार? — आणि मग मी 'ऑल राइट'. दिवसभर हेच. घरी आई वाढायला आली तरी माझा हात आपोआप ताटावर आडवा जातो, आणि मग मी वाट बघत बसतो.

गेल्या महिन्यात खऱ्या हॉटेलची मॅनेजर बाई आली, माणसं निवडायला. त्या खुर्चीत बसली. एकेक जण ट्रे घेऊन माझ्यासमोर — एकाची दातखीळ बसली, मी हळूच वाक्य पुरवलं. दुसरीने भलतंच विचारलं, मी सावरून घेतलं. बाईने ते बरोबर हेरलं. सगळं संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणते, 'वुड यू लाइक टू वर्क फॉर अस?' मला, ताई! इथून लांब, राहायची सोय, सगळं. आणि मी — हसून — 'नो, थँक यू.'

हसा, हसा. सगळेच हसले, त्यांना वाटलं खेळ चाललाय. मी थांबलो होतो, ती परत विचारेल म्हणून. ती 'ओह' म्हणाली आणि पर्स उचलली. काका इथेच होते, दाराशी. त्यांना कळलं नसेल? त्यांनीच तर मला असं घडवलंय! एवढंच म्हणायचं होतं, 'मॅडम, त्याला सवय आहे, पुन्हा विचारा.' तेवढंही बोलले नाहीत. उलट तिच्यासाठी दार उघडून धरलं. फुकटचा पाहुणा कोण हातचा जाऊ देईल?

मी मागे का नाही गेलो? गेलो की! जिन्यापर्यंत. खाली ती गाडीचं दार उघडत होती, हाकेच्या अंतरावर. मी तोंड उघडलं आणि — मला काही मागायला कुणी शिकवलंच नाही हो. म्हणजे — शिकवलंय, 'कॅन आय', 'कुड आय', पहिल्याच आठवड्यात. वाक्य येत होतं. तोंडात होतं. पण वाटलं, काका मागून आले तर? वळून बघितलं. कुणीच आलं नव्हतं. गाडी गेली.

आता आले बघा, त्यांच्याच चपला वाजतायत. उचला तो ट्रे. हे काही बोलू नका त्यांना — काय बघताय माझ्याकडे? जा ना बाहेर, दार वाजवून या.

आजवर एकच नोकरी मला कुणी आपणहून देऊ केली होती. ती गेली.