खारीनं प्यायलेला चहा

मंडळी, एक सांगा. जीभ आवरली, की माणूस आवरला का?

थांबा, उत्तराची घाई नाही. आधी हे सांगा, चातुर्मासात काय सोडलंत? कारलं सोडणाऱ्यांनी हात वर करा. बघा, अर्धा मंडप! देवाला वाटत असेल, माझ्या भक्तांचा सगळ्यात लाडका पदार्थ कारलंच.

तर विट्यात एका गल्लीत द्वारकाबाई शेटे राहायच्या. शेजारी त्यांची धाकटी जाऊ, हौसाबाई. मध्ये एक भिंत, दोन चुली आणि पाच वर्षांचा अबोला. कशावरून? करंजीवरून. दिवाळीत हौसाबाईनं थोरलीची करंजी फोडली आणि म्हणाली, "अक्का, हवा छान भरलीय."

झालं. — पेटीवाले, हसू नका, सूर हलतो —

गल्लीतल्या देवळात रीत अशी, की आषाढी एकादशीला नेम सगळ्यांसमोर बोलायचा. सर्वांत कठीण नेम जी पुरा करील, तिच्या हाती कार्तिकात समाप्तीच्या आरतीचं तबक. हौसाबाई उठली. "मी चहा सोडला." सगळं देऊळ हळहळलं. ती हळहळ द्वारकाबाईंना सोसवेना. त्या ताडकन उठल्या. "मी विकतचं काही तोंडात घालणार नाही."

बोलून बसल्या — आणि मग त्यांना फरसाणाचं दुकान आठवलं.

अहो, दर बाजाराला त्यांच्या पिशवीत भाजीवर एक पुडी असायचीच. तिखट बुंदी, मेथीची शेव, नाहीतर पुदिन्याची कसलीशी चकली. गरज? काडीची नाही. दिसली, घेतली, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत संपली. एवढंच त्यांचं सुख.

दोन बाजार कळ काढली. तिसऱ्याला दुकानदार म्हणाला, "काकू, नुसती चव बघा. बिटाची शेव, नवीन आहे." द्वारकाबाई विचारात पडल्या. विकत कुठे घेतेय? चव तर फुकट. मंडळी, इथे देवानं कपाळाला हात लावला. मग काय, "ती लसणीची बघू. कळली नाही, परत बघू." चिमटीचिमटीनं अख्खी पुडी पोटात.

भाद्रपदातल्या एका बाजारी, तोंडात शेव, त्या सहज वळल्या. शेजारच्या बेकरीच्या बाकावर हौसाबाई! पुढ्यात चहाचा कप. ती खारी बुडवायची, खायची. बुडवायची, खायची. कप तळाला गेला, पण ओठ म्हणून कपाला लागला नाही.

"हौसे, हा चहा ना?" पाच वर्षांतलं पहिलं वाक्य हे.

"मी कुठे प्यायले, अक्का? मी खारी खाल्ली."

"आणि चहा?"

"तो खारीनं प्यायला. तुमच्या हनुवटीला शेव लागलीय."

द्वारकाबाईंना ठसकाच लागला. हौसाबाईनं पाठ चोळली, बाकावर जागा केली. हनुवटी पुसत थोरलीनं विचारलं, "करंजीत खरंच हवा होती?"

"सारण थोडं होतं. पण जे होतं ते फार छान होतं. तेवढं सांगायचं राहिलं बघा."

— तबलजी, जरा थांबा. हे वाक्य पोचू दे —

आला समाप्तीचा दिवस. गुरवानं तबक पुढे केलं ते द्वारकाबाईंकडे. कुणाला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते हौसाबाईला, आणि ती खाली मान घालून गप्प. जन्मभर गप्प राहिली असती. द्वारकाबाईंनी हात पुढे केले... आणि मागे घेतले.

"गुरवदादा, माझा नेम मोडला. दर बाजाराला मोडला."

मागून आवाज आला, "माझापण. मी चहा चावून खाल्ला."

देऊळ खदखदून हसलं. तबक गेलं वांगं सोडलेल्या सोनारकाकूंकडे. वांगं त्यांना तसंही पचत नसे, पण नेम पुरा झाला होता. आणि दोघी जावा तिसऱ्या रांगेत खांद्याला खांदा लावून टाळ्या वाजवत होत्या.

आता माझ्या प्रश्नाचं बघा. हौसाबाईच्या जिभेला चहा चार महिने सोडवला नाही. पण एक चांगला शब्द तिनं पाच वर्षं सहज अडवून धरला. तुमच्या जिभेनं कुणाचा अडवलाय? मला नका सांगू. ज्याचा आहे त्याला द्या.

आणि खांबामागे मघापासून पुडी वाजतेय. खा बाई, देवाची ना नाही. फक्त शेजारी कोण बसलंय ते बघा, आणि आधी तिकडे करा.