केरूने तोंड उघडलं नव्हतं

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर, वाचनालयाचे विश्वस्त, पेण-रोह्याहून आलेले वाचक, आणि आज ज्यांना निरोप द्यायचा आहे त्या आमच्या डेबोराबाई अष्टमकर, सर्वांना नमस्कार.

बाई निवृत्त होऊन लेकीकडे, तामारकडे, इस्रायलला निघाल्यात. त्यांच्या ग्रंथपालपणाविषयी इथे पुष्कळ बोललं गेलं. मी त्यांच्या टेपरेकॉर्डरविषयी बोलणार आहे. बेचाळीसच्या भूमिगतांचे आवाज त्यांनी गावोगाव फिरून टिपले. त्यातली एक टेप माझ्या आजोबांविषयीची. मी प्रणिता, निडीच्या केरू ठाकूर यांची नात.

बेचाळीसच्या लढ्यात आजोबा भूमिगत पुढारी हैबतरावांच्या तुकडीला डोंगरात शिधा पोचवायचे. पोलिसांनी त्यांना धरलं, बेदम मारलं आणि सोडलं. लगेच डोंगरावर धाड पडली. तुकडीतला आमच्याच गावचा जनू नावाचा तरुण गोळीने गेला. गावाने एकच अर्थ काढला, केरू फुटला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं आम्हाला कुणी हळदीला बोलावलं नाही. माझ्या आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं. आजोबा मिठागरावर कामाला जात आणि खाली मान घालून घरी येत.

शहाण्णव साली बाईंना रोह्यात त्या धाडीतला एक निवृत्त शिपाई भेटला. तो टेपवर सांगून गेला, "केरूनं तोंड उघडलं नाय. पोरांनी भात शिजवायला जाळ केला, तो धूर जंगलच्या गार्डानं बघितला."

बाई ती टेप घेऊन आमच्या ओटीवर आल्या. शिपायाचा आवाज सुरू झाला तसा आजोबांनी हात वर केला.

"बंद कर गो बाय. मी बोललो नाय, ते मला ठाव हाय. त्यांना ऐकव."

सोपं होतं का ते? गावातले जाणते म्हणाले, जुनं कशाला उकरायचं? बाई म्हणाल्या, "उकरत नाय. केरूकाका जिते हायेत तोवर ऐकवते."

आधी त्या हैबतरावांकडे गेल्या. त्यांनी टेप दोनदा ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी निडीला आले. देवळात गाव जमलं. टेप संपल्यावर हैबतराव काठी टेकत उठले. म्हणाले, "जाळ आमी केला. मार केरूनं खाल्ला. आनि नावपन त्याचंच गेलं." मग ते आमच्या घरी आले. दोघे म्हातारे ओटीवर बसून राहिले. आजीने चहा ठेवला, तो निवून गेला.

पुढच्या हळदीचं आमंत्रण द्यायला जनूचा पुतण्या स्वतः आला. आजोबा धुतलेला सदरा घालून गेले, मांडवात पुढे बसले. परत आल्यावर आजीने विचारलं, कसं झालं? म्हणाले, "वडे गार व्हते."

दुसऱ्या वर्षी ते वारले. खांदा द्यायला सगळं गाव आलं होतं.

मंडळी, इतिहास जपणं म्हणजे काय, हे मला मोठ्या शब्दांत सांगता येणार नाही. वाचनालयातल्या आमच्या मितेशने बाईंच्या सगळ्या टेपा आता संगणकावर घेतल्या आहेत. कुणीही येऊन ऐकावं.

डेबोराबाई, आमच्या घराने तुमचे आभार कधी नीट मानलेच नाहीत. ते आज सर्वांसमक्ष मानते. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांची ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर पोटात घाला. आणि बाई, तिकडे सांभाळून राहा.