खरी लाथ

माझ्यासारखी बावळट बाई मीच. एका माणसाचा पाय मोडला आणि मी टाळ्या वाजवल्या.

माझ्या दिराने कराटेचा पिक्चर काढला होता. हिरो रफिकभाऊ, आमच्या एरंडोलला कराटे शिकवायचे. दोरी, गादी, डुप्लिकेट काहीच परवडत नव्हतं, म्हणून लाथ खरी आणि पडणंही खरं. मोठ्या पिक्चरात कुठे दिसतं असं?

सावद्याला केळीच्या ट्रकवरून रफिकभाऊंनी उडी मारली आणि खाली पडून ओरडले, "पाय गया रे, थांबा!"

आवाज सगळे नंतर भरायचे, त्यामुळे शूटिंगला कोण काय ओरडतंय ते कोणी ऐकायचंच नाही. दीर म्हणाला, "कॅमेरा चालू ठेवा." आणि मी टाळ्या वाजवत म्हटलं, "काय जीव ओतलाय!" हाड दिसलं तेव्हा माझे हात थांबले.

महिन्याभराने धुळ्याच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेले. चालता येईल, पण कराटे बंद, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, पिक्चरमध्ये तुमची लाथ फार भारी दिसते."

"जपी ठेवा अक्का," ते म्हणाले. "आते तेवढीच शे."