अंगारकीच्या दिवशी उघाडीच्या फळ्या

पुरवणी जबाब
दि. २५ ऑगस्ट २०२५, दुपारी ३.१०

मी, सौ. मृणाली नितेश म्हात्रे, वय ४३ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., धंदा नोकरी (रोहा येथील कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक), राहणार कोंढेखार, पोस्ट कासू, ता. पेण, जि. रायगड.

समक्ष हजर राहून सांगते की, दि. १३ रोजी याच प्रकरणात मला विचारले असता "मला काही माहिती नाही" असे मी सांगितले होते. ते खरे नव्हते. त्यानंतर बारा दिवस मी गप्प राहिले, त्याबद्दल प्रथम माफी मागते. आज मला कोणी बोलावलेले नाही. पुढे दिलेल्या वेळा मी माझ्या रोजच्या वहीवरून सांगत आहे.

आमचे गाव खाडीच्या बांधाच्या आत आहे. बांधाला एक उघाडी आहे, म्हणजे आतले पावसाचे पाणी खाडीत सोडण्याचे दार. दाराच्या खाचेत लाकडी फळ्या बसवतात. ओहोटीला त्या काढायच्या आणि भरतीच्या तीन तास आधी परत घालायच्या, अशी रीत आहे. गेली अकरा वर्षे हे काम हिरामण पाटील, वय ५१, हे करतात. एरवी ते मिठागरावर कामाला असतात. भरतीची वेळ ते नेहमी माझे सासरे महिपती म्हात्रे यांना विचारतात. सासरे तिथीवरून सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन.

दि. १२ ऑगस्ट, मंगळवार. रात्रभर पाऊस होता. पहाटे पाच वाजता आमच्या घरात घोट्याइतके पावसाचे पाणी होते. माझे पती नितेश धाटावला कंपनीत रात्रपाळीला होते. सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रोह्याला नणंद अपेक्षा हिच्याकडे होते. घरात मी एकटी होते. हिरामण यांनी सहाच्या सुमारास फळ्या काढल्या. आठपर्यंत घरातले पाणी उतरले, फरशी दिसू लागली.

८.५० वाजता हिरामण आमच्या दारात आले. त्यांनी विचारले, "वैनी, म्हातारा नाय ना घरात? आज तिथी कोनती?"

मी म्हणाले, "आज अंगारकी नाही का, भावजी? चतुर्थी. माझा उपास आहे."

तरीही मी आत जाऊन कॅलेंडर पाहिले. त्यावर तृतीया सकाळी ८.४० पर्यंत, नंतर चतुर्थी असे छापलेले होते. घड्याळात ८.५० झाले होते. मी बाहेर येऊन "चतुर्थीच" असे सांगितले.

ते म्हणाले, "म्हंजे भरती तीनला. बारा वाजंस्तवर मी मोकला. चला, तुमचा तांदूल वर टाकू, परत पाऊस आला तं भिजंल."

भरतीसाठी सूर्योदयाची तिथी धरायची, दिवसात नंतर बदललेली नाही, हे सासऱ्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितले होते. त्या वेळी मला ते आठवले नाही, असे मी सांगू शकते. पण कॅलेंडरसमोर मी गरजेपेक्षा जास्त वेळ उभी होते. का उभी होते, याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. अंदाजाने काही सांगू इच्छित नाही.

हिरामण आधी शेजारच्या दोन घरी गेले. १०.३० पासून ते आमच्या घरात होते. त्यांनी तांदळाचे तीन पिंप पोटमाळ्यावर चढवले, फ्रीज टेबलावर ठेवला. ११.१५ वाजता, म्हणजे तृतीयेच्या हिशेबाने फळ्या घालण्याच्या खऱ्या वेळी, ते माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत होते. चहा मी दिला होता.

११.४० वाजता मागच्या दाराने पुन्हा पाणी आले. मी ते जिभेवर घेतले. खारे होते. मी तसे म्हणताच हिरामण कप खाली टाकून पळाले. मीही मागून गेले. उघाडीतून खाडीचे पाणी जोराने आत येत होते. त्यांनी आणि आणखी चार जणांनी फळ्या लावण्याचा प्रयत्न केला. दोन फळ्या मोडल्या. मग दाराच्या बाजूची माती सुटली. सव्वादोन वाजता आमच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होते. एकूण एकोणीस घरांत पाणी गेले. कोणाला इजा नाही.

हिरामण यांनी भरतीबरोबर आत येणारा जिताडा मासा पकडण्यासाठी मुद्दाम फळ्या उघड्या ठेवल्या, असा एकोणीस घरांच्या सह्यांचा अर्ज आहे. त्यावर माझ्या पतीची सही आहे. ती करताना त्यांना खरे काय ते माहीत नव्हते. उघाडीजवळ जाळे होते हे खरे आहे. ते पाण्यात नव्हते, काठावर गुंडाळलेले होते. त्याआधी ते लावले होते का, हे मी पाहिलेले नाही.

१२ तारखेच्या संध्याकाळी मी सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "अंगारकी चंद्राची गो. पान्याला सकालची तिथी." मग त्यांनी विचारले, "हिरामनला कोनी सांगितलं?" मी फोन ठेवला.

१३ तारखेला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चौकशी झाली. पाणी शिरलेल्या घरांपैकी एका घरचे काळुराम ठाकूर मोठ्याने म्हणाले, "जिताडा पायजे होता ना याला? ये, घेऊन जा, माझ्या चुलीत पोहतंय!" लोक हसले. हवालदारांनी हिरामण यांना विचारले, "बारा वाजता बंद करायचं कोणी ठरवलं?"

हिरामण म्हणाले, "कोन सांगनार? हिशेब माझा. माझाच चुकला."

तेव्हा मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यानंतर हवालदारांनी मला विचारले आणि मी वर लिहिलेले उत्तर दिले.

त्या रात्री मी पतीला सर्व सांगितले. ते म्हणाले, "त्यानं तुझं नाव घेतलं नाय ना? मग तू कशाला घेतेस? गावात राहायचंय आपल्याला." त्यांच्यावर माझा आरोप नाही. मला तेच ऐकायचे होते.

खारे पाणी लागलेल्या भिंती गोड्या पाण्याने धुवाव्या लागतात, नाहीतर गिलावा सुटतो. दि. २० रोजी हिरामण यांच्या पत्नी पुतळी न बोलावता दोन हंडे घेऊन आल्या. गावात त्यांच्याशी कोणी बोलत नाही. आम्ही दोघींनी स्वयंपाकघराची भिंत धुतली. धुता धुता त्या म्हणाल्या, "वैनी, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, एका मासळीसाठी तो मानूस गाव बुडवंल?"

मी "नाही" म्हणाले. त्यांनी उरलेली भिंतही धुतली.

काल हिरामण यांना अटक होणार असे गावात ऐकले. फळ्या ज्या वेळेपर्यंत उघड्या राहिल्या, ती वेळ मी दिलेल्या तिथीवरून ठरली. त्यांनी मला विचारले होते, आणि मी सांगितलेले खरे धरले. यापेक्षा अधिक त्यांचा दोष मला माहीत नाही. हा जबाब मी कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही. पतीला सांगून आले आहे. ते सोबत आलेले नाहीत.

लिहिलेला जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. "नजरचुकीने चतुर्थी सांगितली" असे त्यांनी लिहिले होते, त्यातील "नजरचुकीने" हा शब्द मी काढायला लावला. आता तो मी बोलले तसाच आहे व खरा आहे.

सही: मृणाली नि. म्हात्रे

(जबाब देणारीच्या रोजच्या वहीत, त्याच तारखेखाली)
उद्या: हे ठाण्यातून कळण्याआधी, सकाळी पुतळीच्या दारात जाऊन तिला स्वतः सांगणे.