युरोपसाठी भरलेली बॅग

युरोपचं विचारताय, तर आमच्या ट्रिपचं ऐका. इथे आखातात आमच्या ऑफिसात मार्क नावाचा अमेरिकन आहे. तो वर्षातून दोनदा तरी युरोपला जातो, म्हणून मी त्यालाच विचारलं. म्हणाला, "पाच दिवसांत दोनच शहरं बघ. आणि एकच छोटी बॅग घे, सगळं मावतं." बायकोने पंधरा दिवस आधीच बॅग भरून दाराशी ठेवली. पासपोर्ट व्हिसासाठी दिलेले होते.

गुरुवारी संध्याकाळी साताऱ्याहून बहिणीचा फोन आला. "दादा, आई गेली. लगेच निघ."

"अगं, पासपोर्टच नाहीये माझ्याकडे."

शुक्रवार-शनिवार इथली सुट्टी, व्हिसाचं ऑफिस बंद. एकुलता एक मुलगा मी, पण आईला अग्नी भाच्याने दिला. इथे हमद टाउनच्या घरात बसून मी ते मोबाइलवर पाहिलं.

रविवारी ऑफिसात मार्क म्हणाला, "तू गावी गेला नाहीस?"

"पासपोर्ट व्हिसासाठी दिलाय."

तो म्हणाला, "व्हिसासाठी पासपोर्ट ठेवून घेतात? मला माहीत नव्हतं." त्याला कुठून माहीत असणार? त्याला तिथे पाच दिवसांसाठी व्हिसाच लागत नाही.

मंगळवारी पासपोर्ट आले, व्हिसासकट. मी दहाव्याला जायची तिकिटं काढली. बायको हळूच म्हणाली, "बॅग भरलेलीच आहे."

आम्ही तिच्यातले स्वेटर तेवढे काढले आणि साताऱ्याला गेलो.